रिपोर्ट नॉर्मल, तरी पोट दुखतंच

फाईल चांगलीच जाड होती. आत तीन सोनोग्राफी, रक्ताच्या पाच-सहा तपासण्या, लघवी, शौच आणि चार दवाखान्यांच्या चिठ्ठ्या. सहावीतला मुलगा खुर्चीच्या कडेला टेकून बसला होता. आई सांगत होती, "मॅडम, जूनपासून चाललंय. रोज सकाळी साडेसहाला, व्हॅन यायच्या वेळेला हा पोट धरून बसतो. सगळे रिपोर्ट नॉर्मल. सासूबाई म्हणतात नाटकं करतोय. ह्याचे बाबा म्हणतात, दोन दिल्या की नीट जाईल शाळेत." मग आवाज खाली आणून म्हणाली, "दिवाळीच्या सुट्टीत एकदाही दुखलं नाही हो. आता मलाही तसंच वाटायला लागलंय."

मुलगा ऐकत होता. त्याच्यासमोर त्याच्याविषयी हे सगळं बऱ्याचदा बोलून झालं असावं, कारण त्यानं मानही वर केली नाही.

पुण्यात मी बरीच वर्षं मुलं तपासतेय आणि अशी फाईल घेऊन आलेले आईबाप मला सारखे भेटतात. त्यांच्यापुढे दोनच वाटा ठेवलेल्या असतात. एक तर पोटात काहीतरी आहे आणि ते अजून सापडलं नाही, म्हणून आणखी एक तपासणी करा. नाहीतर पोटात काहीच नाही, म्हणजे पोरगं खोटं बोलतंय. या दोन्हींच्या मधली जी गोष्ट आहे ती कुणी नीट समजावून सांगत नाही. तीच सांगायला हा लेख लिहितेय.

शाळेच्या वयात पोट वारंवार दुखणं हे काही आजचं नाही. जॉन अ‍ॅप्ली नावाच्या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञानं १९५८ साली ब्रिस्टल भागातल्या एक हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तीन महिन्यांत निदान तीनदा, आणि तेही खेळ-अभ्यास बाजूला राहील इतकं, ज्यांचं पोट दुखलं होतं अशी मुलं साधारण दहात एक निघाली. त्यातल्या बहुतेकांच्या पोटात कुठलाही आजार सापडला नाही. तेव्हा मोबाईल नव्हते. 'हल्लीच्या मुलांना काय झालंय कुणास ठाऊक' असं म्हणण्याआधी एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

डॉक्टर आता याला फंक्शनल अ‍ॅब्डॉमिनल पेन म्हणतात. म्हणजे आतडी, जठर, यकृत सगळं जागच्या जागी आणि धड आहे, पण कामकाजात आणि संवेदनेत गडबड झालेली आहे. गणपतीत ढोल-ताशाचं पथक गल्लीतून जातं तेव्हा काय होतं आठवा. कडेला लावलेल्या गाड्यांचे सायरन एकापाठोपाठ एक कोकलायला लागतात. गाडीला कुणी हात लावलेला नसतो, काच फुटलेली नसते. पण सायरन वाजतोय हे तर खरंच असतं ना? सोनोग्राफीत दिसतं ते गाडी फुटलीय का एवढंच. सायरन किती नाजूक झालाय, हे तिच्यात दिसत नाही.

पोटाचा सायरन नाजूक कसा होतो, हे समजायला जरा आतड्यात डोकवावं लागेल. आतड्याच्या भिंतीत मज्जापेशींचं स्वतंत्र जाळं असतं आणि त्यात दहा कोटींहून जास्त पेशी असतात. अन्न पुढे ढकलणं, पाचक रस सोडणं, कुठे ताण पडतोय ते ओळखणं ही कामं हे जाळं बरंचसं स्वतःच्या जोरावर करतं. मेंदूशी त्याचं बोलणं व्हेगस नावाच्या लांबलचक नसेतून चालतं, आणि या नसेतले बहुतेक धागे खालून वर, म्हणजे पोटाकडून मेंदूकडे बातमी नेतात. मनाच्या औषधांच्या संदर्भात ज्याचं नाव ऐकू येतं ते सेरोटोनिन शरीरात असतं त्यातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास आतड्यातच तयार होतं. पोट आणि मन वेगवेगळ्या खात्यात टाकायची सवय आपल्याला शाळेच्या पुस्तकांनी लावली. बोलीभाषेला ती कधीच नव्हती. निकालाच्या दिवशी पोटात गोळा येतो, वाईट बातमी ऐकली की पोटात कालवतं, परीक्षेच्या सकाळी दोनदा जावं लागतं. हे सगळं आपण अनुभवलेलं आहे आणि त्याला आपण नाटक म्हणत नाही.

आता एखाद्या मुलाला पावसाळ्यात जोराचे जुलाब होतात. आठवड्यात जुलाब थांबतात, पण आतड्यातल्या नसा हळव्या होऊन बसतात, कधी कधी कित्येक महिने. मग एरवी जाणवलाही नसता इतका थोडा वायू, साधी हालचाल, तीही दुखून वर कळवली जाते. मेंदू ती बातमी ऐकतो आणि घाबरतो. घाबरला की ताणाची रसायनं सुटतात, आतड्याची हालचाल बदलते, पुन्हा दुखतं. दुखेल या धास्तीनं मुलाचं सगळं लक्ष बेंबीपाशी जाऊन बसतं, आणि ज्या बातमीकडे लक्ष द्यावं ती मेंदू आणखी मोठ्यानं वाचतो. हे चक्र एकदा सुरू झालं की सुरुवात जुलाबांनी झाली होती, बद्धकोष्ठानं झाली होती की वर्गातल्या भांडणानं, याला फारसा अर्थ उरत नाही. दुखणं तिन्हीत तितकंच खरं असतं.

आणि सुट्टीत दुखत नाही, त्याचं काय? सुट्टीत सायरन वाजवणाऱ्या गोष्टीच नसतात. सुट्टीत दुखत नाही हा पुरावा मुलाच्या विरुद्ध वापरू नका. तो फार मोलाचा सुगावा आहे, त्याचा माग काढा.

त्या मुलाच्या बाबतीत माग काढायला मला फार लांब जावं लागलं नाही. पोट तपासताना डाव्या बाजूला खाली, कमरेच्या हाडाशी, बोटांना खडे लागले. कडक शौच तुंबून राहिली होती. आईला विचारलं तर ती म्हणाली, "रोज जातो की." पण अकरा वर्षांचा मुलगा बाथरूममध्ये जाऊन काय करतो हे आईला कसं कळणार? मी तिला पाच मिनिटं बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं.

"शाळेत संडासला जातोस का रे?"

बराच वेळ काही नाही. मग, "कडी नाहीये."

"मग?"

"मोठी मुलं दार ढकलतात. हसतात."

एवढंच. पावणेसहाला उठायचं, दूध प्यायचं, साडेसहाच्या व्हॅनमध्ये बसायचं. काही खाल्लं-प्यायलं की थोड्या वेळानं आतडी हलतात आणि शौचाची कळ येते, ही शरीराची रीतच आहे. त्याला ती कळ व्हॅनमध्ये नाहीतर पहिल्या तासाला यायची. तो ती दाबायचा. पुन्हा येऊ नये म्हणून पाणी प्यायचा नाही, आणि बाटली भरलेलीच घरी यायची. सव्वादोनला घरी पोचेपर्यंत कळ निघून गेलेली असायची. दिवाळीत तो नऊला उठायचा, आरामात दहा वाजता जायचा, मग पोट दुखायचंच कशाला? तीन सोनोग्राफी झाल्या, पण संडासच्या कडीबद्दल त्याला कुणी विचारलं नव्हतं. आता सांगा, हा आजार पोटाचा की मनाचा? शौच खरोखर अडकलेली होती आणि भीतीही खरोखरच होती.

बद्धकोष्ठावर मी इथे जरा रेंगाळणार आहे, कारण मुलांच्या पोटदुखीत ते फार वेळा असतं आणि फार वेळा निसटतं. अडवून ठेवलेल्या शौचातलं पाणी आतडं शोषत राहतं, मग खडा होतो. खडा बाहेर येताना दुखतं, म्हणून मूल आणखी अडवतं. महिनोन्‌महिने असं चाललं की मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग ताणून सैल होतो आणि 'आता जायला हवं' हा निरोपच नीट येईनासा होतो. मग अडकलेल्या खड्याच्या कडेनं पातळ शौच झिरपते आणि चड्डीला लागते. घरच्यांना वाटतं पोरगं घाणेरडं झालंय, आळशी झालंय. मुलाला ते कळतसुद्धा नसतं हो. यावरून मार खाल्लेली मुलं मी पाहिली आहेत आणि ते आठवलं की आजही जीव तुटतो.

यावर उपाय आहे, फक्त घाई चालत नाही. आधी साठलेलं मोकळं करायचं, मग रोज मऊ होत राहील असं औषध बरेच महिने द्यायचं. पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर यासाठी सगळ्यात जास्त वापरली जाते आणि तिची सवय लागत नाही. आठ दिवसांत बरं वाटलं म्हणून औषध बंद करणं ही नेहमीची चूक. सैल झालेलं आतडं आवळून यायलाच वेळ लागतो. जोडीला जेवणानंतर पाच-दहा मिनिटं निवांत बसायचं, कमोड असेल तर पायाखाली छोटं स्टूल किंवा पाट घ्यायचा, म्हणजे उकिडवं बसल्यासारखी मांडी वर येते. पाणी, फळं, भाज्या, भाकरी हे तुम्हाला माहीतच आहे. आणि दिवसाला लिटर-लिटर दूध पाजणं थांबवा. दुधानं पोट भरतं आणि भाकरी-भाजीला जागाच राहत नाही.

मात्र प्रत्येक पोटदुखी अशी निरुपद्रवी नसते. वजन उतरतंय, उंची अडलीय, शौचातून रक्त जातंय, ताप येत राहतोय, झोपेतून उठवेल इतकं दुखतंय, लघवीला जळजळ आहे, सांधे सुजतायत, तोंडात सारखे छाले येतायत, किंवा घरात कुणाला आतड्याच्या सुजेचा आजार आहे, यातलं काहीही असेल तर 'मनाचं असेल' म्हणून थांबू नका, तपासण्या करा. अ‍ॅप्लीचं एक निरीक्षण डॉक्टर अजून शिकतात: दुखणं बेंबीपासून जितकं लांब, तितकी खऱ्या आजाराची शंका जास्त. हिरवी उलटी, बेंबीकडून सरकत उजवीकडे खाली जाऊन बसलेलं दुखणं, लाकडासारखं कडक पोट, यात सकाळची वाट पाहू नये. मुलगा असेल तर त्याला स्पष्ट विचारा की खाली वृषणात दुखतंय का. मुलं लाजून 'पोट' म्हणतात. वृषणाला पीळ पडला असेल तर पहिल्या सहा तासांत शस्त्रक्रिया झाली तर ते वाचण्याची शक्यता चांगली असते, पुढे ती झपाट्यानं कमी होते.

सोनोग्राफीच्या कागदावरच्या 'गाठीं'बद्दलही थोडं सांगते. आतड्याजवळच्या लसिका ग्रंथी लहान मुलांत ठळक दिसतात, अगदी ठणठणीत मुलांतही. त्या शब्दानं घरात रडारड झालेली मी पाहिली आहे. ताप नाही, वजन नीट वाढतंय, भूक चांगली आहे, तर नुसत्या त्या गाठींवरून क्षयाची औषधं सुरू करू नयेत. जंताचंही तसंच. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला शाळा-अंगणवाडीत जंतनाशक दिनाची अल्बेंडाझोलची गोळी मिळते, ती जरूर द्या. पण ती घेऊनही पोट दुखतच राहिलं तर दर महिन्याला तीच गोळी देत राहण्यात अर्थ नाही.

मग सकाळी साडेसहाला पोट धरून बसलेल्या मुलाला काय म्हणायचं?

याबाबत एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. अमेरिकेत लिन वॉकर या संशोधिकेनं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला, २००६ साली प्रसिद्ध झाला. मुलांना पोट तडस लागेपर्यंत पाणी प्यायला दिलं. म्हणजे अस्वस्थ सगळ्यांनाच वाटलं. मग काही पालकांना सांगितलं की मुलाच्या दुखण्याची विचारपूस करत राहा. काहींना सांगितलं की दुसऱ्याच गोष्टी बोला. विचारपूस झालेल्या मुलांच्या तक्रारी जवळजवळ दुप्पट झाल्या, लक्ष दुसरीकडे नेलेल्यांच्या निम्म्यावर आल्या. मला त्यातली सगळ्यात बोलकी वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. पालकांना वाटत होतं की विषय बदलला तर मुलाला वाईट वाटेल. पोट नेहमी दुखणाऱ्या मुलांनी मात्र सांगितलं की विषय बदलल्यानं बरं वाटलं.

म्हणजे दुर्लक्ष करा असं नव्हे. एकदाच, शांतपणे म्हणायचं, "दुखतंय ना, माहितीये मला. हळूहळू कमी होतं ते. चल, मोजे घाल." दर अर्ध्या तासानं "आता कसं आहे?" नको. हिंग-ओवा द्यायचा तर द्या, पोट शेका, त्यात काही वाईट नाही. पण शाळा बुडवून घरी राहायला मिळालं आणि वर दिवसभर टीव्ही नि आवडीचा खाऊ, तर दुखणाऱ्या शरीराला घरी राहायची सवय लागते. मुद्दाम नव्हे. शरीर शिकतं. पूर्ण दिवस जमत नसेल तर आधी दोन तास शाळा, मग मधल्या सुट्टीपर्यंत, मग पूर्ण. हे वर्गशिक्षकांना विश्वासात घेऊन ठरवावं लागतं. घरी राहायची वेळ आलीच तर तो दिवस आजारी माणसाचा असावा. अंथरूण, मऊ भात, पुस्तक.

रात्री झोपताना पोटावर हात ठेवून, पोट वर येईल असा सावकाश श्वास शिकवा. साधी वाटणारी गोष्ट आहे, पण व्हेगस नसेवर तिचा परिणाम होतो. विचार आणि वागणूक बदलायला शिकवणारी थेरपी या दुखण्यात उपयोगी ठरते. पोटावर केंद्रित संमोहनही. नेदरलँड्समध्ये ५३ मुलांवर त्याचा अभ्यास झाला, २००७ साली प्रसिद्ध झाला. वर्षभरानं संमोहन दिलेल्या गटातली ८५ टक्के मुलं दुखण्यातून जवळजवळ मोकळी होती, नेहमीच्या उपचारांच्या गटात २५ टक्के. संमोहन म्हणजे जादूटोणा नव्हे, मुलाच्या कल्पनाशक्तीचा प्रशिक्षित माणसानं केलेला वापर आहे. रोजची पॅन्टोप्राझोल, म्हणजे अ‍ॅसिड कमी करणारी गोळी, आणि 'अ‍ॅसिडिटी' हा शिक्का यांनी मात्र बेंबीभोवतीच्या या दुखण्याला सहसा काही होत नाही.

आणि सुगावा शोधायचाच. दोन आठवडे एका वहीत लिहा: किती वाजता दुखलं, त्याआधी काय झालं, पुढे काय होणार होतं, शौच कशी झाली, झोप किती झाली. मुलींमध्ये पाळीच्या तारखा. दर मंगळवारीच दुखतं असं दिसलं तर मंगळवारी शाळेत काय असतं ते बघा. मोठ्यानं वाचायला लावणारा तास असेल. हुशार, बोलकं मूल वाचताना अडखळत असेल तर तो आळस नसतो, अध्ययन अक्षमता असू शकते. दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात तिला जागा आहे आणि दहावी-बारावीच्या परीक्षेत त्यासाठी सवलती मिळतात. कधी व्हॅनच्या मागच्या सीटवरची दादागिरी असते. कधी घरातली भांडणं असतात, आणि ते ऐकणं आईबापांना सगळ्यात जड जातं. कधी कुणाचा नको असलेला स्पर्श असतो. मूल असं काही सांगू लागलं तर मध्ये तोडू नका, "तू का नाही ओरडलास?" विचारू नका. १०९८ ही बालकांची हेल्पलाईन अशाच वेळेसाठी आहे.

किशोरवयात हेच दुखणं वेगळं रूप घेतं. नववी-दहावीतली मुलं 'मी उदास आहे' असं म्हणत नाहीत. ती चिडतात, डोकं दुखतं म्हणतात, रात्री जागतात, मित्रांना टाळतात, आवडत्या क्रिकेटला जाईनाशी होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार मानसिक आजारांपैकी एक तृतीयांश चौदाव्या वर्षाच्या आत आणि निम्मे अठराव्या वर्षाच्या आत सुरू होतात. आपल्याकडच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांत असे त्रास आढळले. साठ जणांच्या वर्गात चार मुलं झाली ही. 'वय आहे, जाईल' म्हणत दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त थांबू नका. जगण्याचा कंटाळा आल्याचं किंवा स्वतःला इजा करण्याचं बोलणं कानावर आलं तर त्याच रात्री पाऊल उचला. सरळ विचारा. विचारल्यानं डोक्यात कल्पना येते हा गैरसमज आहे. मुलाला एकटं सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं.

प्रत्यक्ष जायचं तर आधी घराजवळचे नेहमीचे बालरोगतज्ज्ञच गाठा. फाईल एकाच डॉक्टरकडे राहू दे. चार ठिकाणी फिरलं की चार वेळा रक्त काढलं जातं, आणि मुलाची खात्री पटते की आपल्याला काहीतरी भयंकर झालंय. पुढे गरज पडली तर सरकारी ससून रुग्णालयात बालरोग आणि मानसोपचार दोन्ही विभाग आहेत, खर्चही झेपतो. वाढ, अभ्यास, वागणूक यांच्या तपासणीसाठी रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचं बालविकास केंद्र आहे. मानसोपचाराची चिठ्ठी मिळाली तर आईचा चेहरा पडतो, हे मी रोज बघते. तिला मी सांगते की मोडलेल्या हाताला प्लास्टर घातल्यावर आपण फिजिओथेरपीला जातो ना, तसंच हळव्या झालेल्या नसांना पुन्हा सवय लावायला जायचं आहे.

त्या मुलाच्या आईला आत बोलावलं तेव्हा मी मुलाला विचारलं की तू सांगतोस का मी सांगू. तो म्हणाला, "तुम्ही सांगा." ऐकल्यावर ती काही बोलली नाही. पदरानं त्याच्या कपाळावरचा घाम पुसत राहिली. दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली. वर्गशिक्षिकांनी त्याला शिक्षकांच्या खोलीशेजारचं स्वच्छतागृह वापरायची परवानगी दिली. वर्गात कुणाला कारण सांगितलं नाही. औषध सुरू झालं, उठायची वेळ वीस मिनिटं अलीकडे आली.

जानेवारीत तो खोकल्यासाठी आला. चाचणी परीक्षेच्या आठवड्यात दोनदा दुखलं होतं, म्हणाला, पण दोन्ही दिवस तो शाळेत गेला होता. औषध अजून चालू होतं. निघताना दारापाशी थांबून त्यानं आमच्या दाराची कडी खालीवर करून पाहिली आणि म्हणाला, "आमच्या मजल्यावरच्यालाही बसवली. आतून."